कासवाला अंगणात सोडताय? कुंपणाआधी ऊन बघा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. हरमन जातीचं कासव आहे, कवचाची लांबी १४ सेंटिमीटर, वर्षभर घरात काचेच्या टाकीत दिव्याखाली वाढलंय. आता घराच्या भिंतीलगतची तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्टी त्याला द्यायची आहे. खुंट्या ठोकून दोन फूट उंच कोंबड्यांची जाळी लावायची आणि आत प्लॅस्टिकचा खोका उपडा घालायचा, असा बेत आहे. प्रश्न दोन: एवढी उंची पुरेल का, आणि रात्री ते बाहेर राहिलं तर चालेल का. शिवाय घरात एक कुत्री आहे आणि ती 'फार गरीब' आहे, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. तिच्याकडे मी नंतर येते.

आधी सरळ उत्तरं. उंची पुरेल. जाळी चालणार नाही. रात्री बाहेर ठेवायचं, पण उपड्या खोक्याखाली नाही आणि लगेच तर नाहीच.

आता कारणं. मी अठरा वर्षं जमिनीवरची कासवं सांभाळते आहे. त्यातली बरीचशी 'आता जमत नाही' म्हणून लोकांनी आणून दिलेली. या काळात मी आवारं बांधली, मोडली, परत बांधली. पहिलं बांधताना मीही तुमच्यासारखाच विचार केला होता: हे पळून जाऊ नये. म्हणजे मी तुरुंग बांधत होते. पण कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. सकाळी गार पडलेलं शरीर उन्हात तापवायचं, तापलं की चरायचं, जास्त झालं की सावलीत शिरायचं, दुपारी ओलसर गारव्यात पडून राहायचं, संध्याकाळी परत थोडं ऊन खायचं, हाच त्याचा दिवसभराचा कामधंदा. या सगळ्या जागा आत मिळाल्या तर ते भिंतीकडे फारसं फिरकत नाही. मिळाल्या नाहीत तर ते त्या बाहेर शोधायला निघतं. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: या सहा चौरस मीटरमध्ये त्याला दिवसाच्या प्रत्येक वेळी हवं ते हवामान निवडता येईल का?

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. पहिली म्हणजे जात. मराठीत समुद्रातलं, तळ्यातलं आणि माळावरचं, सगळंच 'कासव'. त्यामुळे गोंधळ फार होतो. लाल कानपट्टीचं पाण्यातलं कासव कोरड्या वाफ्यात सोडून 'ते काही खात नाही' म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. त्या कासवाला पोहायला पाणीच लागतं. मी पुढे लिहिते ते फक्त जमिनीवरच्या कासवांसाठी, आणि त्यातही मुख्यतः हरमनसारख्या भूमध्य समुद्राकाठच्या, मध्यम आकाराच्या जातींसाठी. सुलकाटा या आफ्रिकेतल्या प्रचंड जातीचं गणित पूर्ण वेगळं. त्याचे मोठे नर पन्नास किलोंच्या पुढे जातात आणि काही मीटर लांब बीळ खणतात. त्याला वाफा नाही, शेत लागतं. लाल पायांच्या कासवाला उष्ण, दमट आणि सावलीची जागा हवी. आणि तारा कासव असेल तर प्रश्न कुंपणाचा नाहीच. त्याच्या व्यापारावर २०१९ पासून साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टाखाली कडक बंधन आहे आणि भारतात ते घरी पाळणं हाच गुन्हा ठरतो. हरमनसाठीही अनेक देशांत कागदपत्रं लागतात. तुमच्याकडे ती असतील असं धरून पुढे जाते.

दुसरी गोष्ट तुमच्याकडचं हवामान. ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे कुठे 'ऊन मिळवा' म्हणेन, कुठे 'ऊन टाळा' म्हणेन. तुमच्या अंगणाला काय लागू पडतं ते तुम्हीच ठरवायचं आहे, आणि ते ठरवायला एक सोपी रीत आहे.

स्वच्छ उन्हाचा एक दिवस निवडा. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी त्या पट्टीचा एकाच जागेवरून फोटो काढा. संध्याकाळी सगळे फोटो ओळीनं बघा. पहिलं ऊन कुठे पडतं, दुपारी सावली कुठे उरते, आणि कोणत्या कोपऱ्याला ऊन कधी शिवतच नाही, हे स्वच्छ दिसेल. जमलं तर लांबून तापमान दाखवणारा, बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणा आणि दुपारी जमिनीवर ठिकठिकाणी रोखा. हवेत ३० अंश असताना फरशी ५० च्या वर गेलेली मी मोजली आहे. कासवाचं पोट जमिनीपासून बोटभर अंतरावर असतं. तुम्हाला उभ्यानं जे हवामान जाणवतं, ते त्याचं नव्हे.

हे एवढं ताणून सांगते, कारण माझ्या हातून गेलेलं एकमेव कासव पळून गेलेलं नाही, कुत्र्यानं मारलेलंही नाही. ते उताणं पडून गेलं. कोपऱ्यात शोभेसाठी मी दगड रचले होते. त्यावरून चढताना ते उलटलं, दुपारच्या उन्हात. मी दीड तासानं परतले. कासवाच्या शरीराचं तापमान चाळिशीपार गेलं की ते फार वेळ तग धरत नाही, आणि उताणं पडलेल्याला सावलीत जाता येत नाही. तेव्हापासून माझ्या आवारात भिंतीलगत एकही तिरपा दगड नसतो आणि सरळ उन्हात येणाऱ्या मोकळ्या जागेत त्याच्या वाटेवर काही ना काही झुडूप असतंच. झुडपाचा फायदा असा की उलटलेल्या कासवाला पाय रोवायला आधार मिळतो. गुळगुळीत फरशीवर तो मिळत नाही.

जाता जाता काचेच्या टाकीबद्दल. 'तोवर टाकीच उन्हात ठेवते' असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. उन्हातली काचेची टाकी म्हणजे भट्टी. शिवाय ज्या अतिनील किरणांच्या भागामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, तो यूव्हीबी भाग साध्या काचेतून जवळजवळ येतच नाही. म्हणजे उष्णता सगळी, उपयोग काही नाही. कवच मऊ पडणं आणि हाडं वाकणं यामागे अनेकदा हीच उणीव आणि जोडीला कॅल्शियमची कमतरता असते. कासवाला बाहेर आणायचं एवढ्यासाठीच, की मोकळ्या उन्हाची बरोबरी कुठलाही दिवा करत नाही.

आता भिंत. कोंबड्यांची जाळी मी चार कारणांसाठी नाकारते. तिच्यातून पलीकडचं दिसतं, आणि जे दिसतं तिथे जाता येत नाही ही गोष्ट कासवाच्या डोक्यात शिरत नाही. ते तासन् तास जाळीला नाक घासत येरझारा घालतं, नाकाची कातडी सोलवटते. दुसरं, जाळी म्हणजे शिडी. हरमन फार छान चढतात. नखं अडकवून वर जातात आणि वरून पडतात. तिसरं, षटकोनी भोकात पाय किंवा मान अडकते. चौथं, कुत्र्याला ती फाडायला दोन मिनिटं पुरतात. 'कासवगती' हा शब्द ज्यानं काढला त्यानं कुंपणात फट सापडलेलं कासव पाहिलेलं नसावं.

त्याऐवजी भरीव, अपारदर्शक भिंत करा. विटा, सिमेंटचे ठोकळे, जाड फळ्या, काहीही. जमिनीवर ४० ते ४५ सेंटिमीटर पुरेत, म्हणजे तुमच्या दोन फुटांपेक्षाही कमी. फळ्या घेताना एवढंच बघा की त्यांना क्रिओसोटसारखं काळं, उग्र वासाचं औषध चोपडलेलं नाही. रेल्वेचे जुने स्लीपर दिसायला झकास, पण त्यात हेच मुरलेलं असतं. पत्रा नको, तो तापतो आणि कडेनं कापतो.

सगळ्यात जास्त कासवं निसटतात ती कोपऱ्यांतून. दोन भिंतींमध्ये पाय रोवून ती चिमणीत चढावं तशी वर सरकतात. म्हणून चारही कोपऱ्यांवर आतल्या बाजूला दहाएक सेंटिमीटर पुढे येणारी त्रिकोणी फळी ठोका. जमलं तर सगळ्या भिंतीला वरून तशी आडवी पट्टी द्या. आणि भिंतीजवळ काय ठेवता ते बघा. खोका, कुंडी, ओंडका, पावसाच्या पाण्याचा नळ, हे सगळे जिने. तुमच्या आराखड्यात खोका कोपऱ्यात दाखवला आहे, तो आधी हलवा.

खाली किती जायचं? हरमन फार खणत नाहीत. भिंत वीतभर जमिनीत गाडली तर भागतं. तुमच्याकडे कधी हॉर्सफिल्ड, म्हणजे मध्य आशियातलं खणण्यात पटाईत कासव, आलं तर मात्र किमान दीड फूट खाली जा आणि भिंतीच्या आतल्या कडेनं मातीखाली आडव्या फरशा बसवा. खणताना ती भिंतीला चिकटूनच खणतात, फरशी लागली की तो नाद सोडतात. सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत संघाच्या झोंड ५ यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली होती. ती तुमच्या विटांच्या एका थराला काय भीक घालणार!

आतली जमीन सपाट ठेवू नका. बागेतल्या साध्या मातीत थोडी वाळू मिसळा आणि एका बाजूला गुडघ्याच्या निम्म्या उंचीचा लांबट, उतरता उंचवटा करा. त्याचा उतार सकाळच्या उन्हाकडे हवा. पाऊस पडला तरी तो भाग आधी वाळतो, आणि उतारावर तिरपं बसून ऊन खाल्लं की कवच लवकर तापतं. तिथे एक चपटा, पक्का बसवलेला दगड ठेवा. नुसती वाळू टाकू नका, बारीक खडीही नको. चरताना पोटात जाते आणि आतडं तुंबतं. दुसऱ्या टोकाला झुडपांची दाटी आणि खाली पालापाचोळ्याचा थर. हा कोपरा रोज पाणी शिंपडून ओलसर ठेवायचा. निम्मं आवार उन्हात आणि निम्मं सावलीत, असं मी साधारण धरते; कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात सावली त्याहून जास्त.

ओलाव्यावर जरा थांबते, कारण 'कासव म्हणजे वाळवंट' हा समज फार पक्का आहे. वाढत्या वयाच्या कासवाचं कवच गुळगुळीत न राहता एकेक खवला पिरॅमिडसारखा उंच होत जातो, तो बरेचदा फार कोरड्या जागेत वाढल्यामुळे. सुलकाटाच्या पिल्लांवरचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आहारातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या आर्द्रतेचा परिणाम ठळक दिसला होता. त्याआधी सगळा दोष प्रथिनांवर जायचा. माझ्याकडे आलेल्या पिरॅमिडवाल्या कासवांपैकी बहुतेक दिव्याखाली, कोरड्या भुशावर वाढलेली होती. तुमचंही वर्षभर दिव्याखालीच होतं, म्हणून हा ओला कोपरा त्याच्यासाठी चैन नाही.

पाण्याला कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट थाळी उत्तम. काठ जमिनीच्या पातळीला येईल अशी ती गाडा. पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत, त्याहून खोल नको, कारण ही कासवं पोहत नाहीत, बुडतात. ते त्या पाण्यात बसेल, पिईल आणि बहुधा त्यातच घाण करेल, म्हणून पाणी रोज बदलायचं.

झाडं लावताना खाण्याजोगीच लावा, कारण जे लावाल ते चाखलं जाणारच. जास्वंद, तुती, काटे काढलेला फड्या निवडुंग, डँडेलियन, रुंद पानांचं गवती तण, हे सगळं चालतं. कण्हेर, घाणेरी, एरंड, धोतरा, डिफेनबाकिया, डॅफोडिल यातलं काही आत किंवा भिंतीवरून आत झुकणारं नको. आणि शेजारच्या वाफ्यात गोगलगायींसाठी विषारी गोळ्या किंवा तणनाशक पडत असेल तर ते थांबवल्याशिवाय कासव बाहेर काढू नका. पाणी वाहतं, विष त्याच्याबरोबर येतं.

आता तुमची गरीब कुत्री. ती गरीब असेलही. पण माझ्याकडे आलेली चावलेली कासवं जवळजवळ सगळी घरच्याच कुत्र्यानं चावलेली होती, आणि प्रत्येक मालकाचं पहिलं वाक्य 'आजवर कधी केलं नव्हतं' हेच असायचं. कुत्र्याला त्यात शत्रू दिसत नाही, हाड दिसतं. हलणारं, चावायला छान कडक हाड. एक दुपार पुरे. म्हणून आवार तिच्या वाटेवर नको, आणि तुम्ही शेजारी बसलेला नसाल तर वर झाकण हवंच.

झाकण लाकडी चौकटीवर वेल्ड केलेल्या, जस्त चढवलेल्या जाळीचं करा, भोकं बारा-तेरा मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. उंदीर हा मोठा शत्रू आहे हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. थंडीत सुस्तावलेल्या कासवाचे पाय तो कुरतडतो आणि कासव हलूही शकत नाही. वरून कावळे आणि शिकारी पक्षी. हरमनच्या मूळ मुलखात, ग्रीसमध्ये, सुवर्णगरुड कासवं उचलून खडकावर टाकून फोडतात. तुमच्या छतावर गरुड नसेल, पण १४ सेंटिमीटरच्या कासवाचे डोळे आणि पाय टोचायला कावळाही पुरतो. झाकणाला कडी आणि छोटं कुलूप लावा. कासवं चोरीला जातात, विशेषतः रस्त्यावरून दिसणाऱ्या आवारातली.

आतापर्यंतचं एका दमात: आधी उन्हाचा नकाशा, मग कोपऱ्यांवर फळ्या असलेली भरीव भिंत, आत एक कोरडा उंचवटा आणि एक ओला कोपरा, उथळ पाणी, वर जाळीचं झाकण. उरली रात्र.

उपडा खोका दिवसाही नको. उन्हात आत वाफ धरतो, रात्री ऊब राहत नाही. झोपण्यासाठी लाकडाची ठेंगणी कोठी करा. कासवाच्या मानानं ती थोडी अडचणीचीच बरी, चारही बाजूंनी कवच टेकलं की त्याला सुरक्षित वाटतं. तळ जमिनीपासून विटेभर उंच, छप्पर उतरतं, दार संध्याकाळी बंद करता येईल असं. आत कोरडी माती आणि वाळकी पानं. हरमनच्या तब्येतीला कोरडी गार रात्र चालते, ओली गार रात्र चालत नाही. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा. थंड प्रदेशात कोठीला थर्मोस्टॅटवर चालणारा हीटर लावतात. लावलात तर तो साखळीनं टांगून पक्का करा, क्लिपवर भिस्त नको. वाळक्या पानांवर पडलेला हीटर म्हणजे आग. बाहेरच्या वायरिंगला गळती होताच वीज तोडणारा ब्रेकरही हवाच.

पहिला महिनाभर मी रात्री घरातच आणेन. ते स्वतःहून रोज संध्याकाळी त्याच कोठीत शिरायला लागलं, आणि रात्रीचं तापमान बरं असलं, की मग दार लावून बाहेर राहू द्या. हरमन हिवाळी झोप घेणारी जात आहे, पण या वर्षी नव्या आवारात त्याला आपोआप पुरून घेऊ देऊ नका. ती झोप साधारण पाच अंशांच्या स्थिर थंडीत, रिकाम्या पोटानं, वजन तपासून द्यायची असते. तो स्वतंत्र विषय आहे. थंडी येण्याआधी विचारा.

'एकटं कंटाळेल' म्हणून दुसरं आणायचं मनात असेल तर, ते कंटाळत नाही. दोन नर एकमेकांना धडका देऊन उताणे पाडतात आणि नर-मादीच्या जोडीत मादीला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. दोन वेगळ्या जाती तर एकत्र कधीच नाहीत. एकीला न बाधणारा जंतू दुसरीला मारतो.

सोडल्यावर पहिले चार-पाच दिवस ते भिंतीकडेनं गोल गोल फिरेल. घाबरू नका, जागा मापतंय. त्यानंतरही एकाच ठिकाणी धडका देत राहिलं तर गुडघे टेकून तिथे वाका आणि त्याच्या उंचीवरून बघा. बहुतेक वेळा एखादी फट, उजेडाची तिरीप किंवा पलीकडचं ऊन दिसतं. फट असेल तर बुजवा. ऊन असेल तर त्याच वेळी तेवढं ऊन आत कुठे पडतं का ते तपासा; पडत नसेल तर झुडूप छाटा किंवा उंचवटा सरकवा.